उसन्या शब्दांची प्रार्थना: इंदूरमधील एका मराठी मंडळीचे प्रकरण

कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केले आणि १८८७ मध्ये येथे ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. मिशनचे बहुतेक काम हिंदीतून चालत असले, तरी होळकरांच्या या शहरात मराठी सहज कानांवर पडत असल्यामुळे, अहमदनगर आणि जालना भागांतून नोकरीनिमित्त आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना आपली भाषा सोडावी लागली नाही. परिचारिका, शिक्षक, रेल्वे कर्मचारी आणि गिरणी कामगार यांच्या अशा कुटुंबांतून प्रस्तुत मंडळी, म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समुदाय, तयार झाली. आज तिच्या नोंदवहीत साठच्या आसपास कुटुंबे आहेत. मंडळीचे नाव येथे दिलेले नाही, आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. पास्टोरेट कमिटीचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) सदस्य या नात्याने या प्रकरणातील बहुतेक बैठकांना मी उपस्थित होतो.

बुधवारची सभा

या मंडळीत प्रार्थना होत नाही, असे कोणी म्हटले नसते. रविवारच्या उपासनेत प्रार्थना होती, महिला मंडळाची शुक्रवारची सभा होती, आणि दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत प्रार्थनासभा भरत असे. बुधवारच्या सभेला मात्र कित्येक वर्षे तेच सात-आठ जण येत होते आणि त्यांत पन्नाशीच्या आतले कोणी नसे. सभेचा क्रमही ठरलेला होता. एक गायन, एक शास्त्रपाठ आणि त्यानंतर तीन वडीलजनांच्या (मंडळीतील जबाबदार ज्येष्ठांच्या) प्रार्थना. त्यांतील प्रत्येक प्रार्थना दहा-बारा मिनिटांची असे आणि तिच्यात राष्ट्राचे पुढारी, पाऊसपाणी, आजारी, प्रवासी, विधवा, अनाथ आणि बिशपसाहेब या सर्वांचा समावेश होई. इतरांच्या वाट्याला शेवटचे ‘आमेन’ येत असे.

जानेवारीचा पहिला आठवडा याला अपवाद होता. नववर्षाच्या प्रार्थना सप्ताहाची ही प्रथा परदेशातून आली असे आपल्याकडे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात लुधियानातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८५८ मध्ये केलेल्या आवाहनातून ती निघाली आणि १८६० पासून जगभर पाळली जाऊ लागली. त्या सप्ताहात खोली भरून जाई, तरुणही येत, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत पुन्हा तेच सात-आठ जण उरत. म्हणजे लोकांना प्रार्थनेची इच्छा नव्हती असे नाही; ती इच्छा नित्याच्या जीवनात उतरत नव्हती.

कमिटीने यापूर्वी उपाय केले होते. ‘निरंतर प्रार्थना करा’ या विषयावर प्रवचने झाली. चोवीस तासांची साखळी प्रार्थना ठेवली गेली. तिच्यातील रात्री दोन ते चारची वेळ ज्यांच्याकडे आली त्यांनी ती निष्ठेने पार पाडली, पण त्यानंतर घरोघरी काही बदलले असे दिसले नाही. पुढे व्हॉट्सॲपवर प्रार्थना विनंत्यांचा गट निघाला. या गटाची हकिकत थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या नियमांचे मूळ तिच्यात आहे. एका सदस्येने आपल्या नात्यातील तरुणीच्या वैद्यकीय तपासणीसाठी प्रार्थना करावी अशी विनंती सद्हेतूनेच गटावर टाकली. तासाभरात पन्नासेक ‘आमेन’ आणि जोडलेले हात जमा झाले. संध्याकाळी पुण्याच्या नातेवाइकांचे चौकशीचे फोन सुरू झाले. त्या मुलीच्या आईवडिलांनी तोवर आपल्या सख्ख्या भावंडांनाही काही सांगितले नव्हते. ते कुटुंब काही महिने उपासनेला आले नाही. प्रार्थनेच्या निमित्ताने घराबाहेर गेलेली गोष्ट चव्हाट्यावर येते असा समज एकदा रुजला, की मंडळीत मागितल्या जाणाऱ्या विनंत्या सर्दी-पडसे, परीक्षा आणि प्रवास यांच्यापलीकडे जात नाहीत. तसेच झाले.

भेटींत विचारलेला प्रश्न

नव्याने आलेल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, कोणताही कार्यक्रम जाहीर करण्यापूर्वी कुटुंबांना भेटी देण्याचे ठरवले. त्यांच्याबरोबर कमिटीतील दोघे जात, त्यांपैकी एक स्त्री असावी असा त्यांचा आग्रह होता. भेटीत एकच प्रश्न विचारायचा होता: ‘तुमच्या घरी प्रार्थना कशी होते?’ ‘होते का?’ असे मुद्दाम विचारले जात नव्हते, कारण पाळकाने दारात उभे राहून तसे विचारल्यास सौजन्यापोटी होकारच मिळतो. ‘कशी’ या प्रश्नाला वर्णन द्यावे लागते, आणि वर्णन करताना माणूस बरेच खरे बोलतो.

बहुतेक घरांत जेवणापूर्वी प्रार्थना होत होती, ती बहुधा घरातील लहान मुलाकडून म्हणून घेतली जाई. विजयनगरकडे एका कंपनीत पाळीने काम करणाऱ्या तरुण सुनेने सांगितले, की ती बसची वाट पाहताना प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना) मनात म्हणते, आणि त्याला प्रार्थना म्हणावे की नाही याची तिला खात्री नव्हती. एका घरात पती ख्रिस्ती नव्हते; तेथे पत्नी सर्व जण झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून बायबलमधील स्तोत्र वाचत असे. अनेकांच्या बोलण्यात एकच वाक्य वेगवेगळ्या रूपांत येत राहिले. कॉलेजातील एका मुलाने ते सर्वांत स्पष्टपणे मांडले: ‘पाळकसाहेब, गुरुजींसारखी प्रार्थना मला कधीच येणार नाही, मग सगळ्यांसमोर तोंड कशाला उघडायचं?’

गुरुजी म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ वडीलजन, निवृत्त मुख्याध्यापक. बुधवारच्या तीन प्रार्थनांतील सर्वांत लांब प्रार्थना त्यांचीच असे आणि ती खरोखर सुंदर असे. त्यांच्याच घरच्या भेटीत या प्रकरणातील मुख्य गोष्ट हाती लागली. ‘घरी प्रार्थना कशी होते?’ या प्रश्नावर त्यांनी कपाटातून झिजलेले स्तोत्रांचे पुस्तक आणि ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक बाहेर काढले. त्यांचे वडील रोज रात्री एक स्तोत्र आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे एक पद मुलांकडून पाठ करून घेत असत. चाळीसहून अधिक स्तोत्रे आजही त्यांच्या मुखोद्गत होती. मंडळीला वर्षानुवर्षे जी उत्स्फूर्त प्रार्थना ऐकू येत होती, तिची अर्धीअधिक वाक्ये बायबलमधील स्तोत्रसंहितेची आणि टिळकांची होती. तरुणांनी विहिरीचे पाणी पाहिले होते, तिच्यात उतरणारे झरे त्यांना कोणी दाखवले नव्हते.

माझ्या मते या मंडळीचा प्रश्न अनास्थेचा नव्हता, शिकवण्याचा होता. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात शिष्य येशूकडे प्रार्थना शिकवण्याची मागणी करतात आणि येशू त्यांना म्हणण्यासाठी शब्द देतो. मनात येईल ते बोला असे सांगून त्यांना परत पाठवत नाही. ते शब्दही अनेकवचनी आहेत, ‘आम्हांला’ आणि ‘आमच्या’ असे. आरंभीच्या मंडळीनेही हे शब्द जपले. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्याची सूचना आहे. आपल्या मराठी मंडळ्यांत मात्र दोन पिढ्यांपूर्वी घरातील पाठांतर सुटले आणि प्रवचनातील आग्रह तेवढा उरला. ज्याच्याजवळ शब्द नाहीत त्याला अधिक कळकळीने प्रार्थना करा असे सांगितले, तर तो अधिकच गप्प होतो.

कार्डाची योजना

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आरंभी मंडळीला एक घडीचे कार्ड देण्यात आले. त्यावर रात्रीच्या जेवणानंतर घरी करावयाच्या दहा मिनिटांच्या प्रार्थनेचा क्रम होता: स्तोत्राचा ठरलेला भाग मोठ्याने वाचणे, क्षणभर शांतता, मंडळीतील दोन कुटुंबांची नावे घेऊन प्रार्थना आणि प्रभूची प्रार्थना. अँग्लिकन प्रार्थना पुस्तकात दीडशे स्तोत्रे तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळसाठी साठ भागांत विभागलेली आहेत. येथे रोज एकच भाग घेतल्याने स्तोत्रसंहिता दोन महिन्यांत पूर्ण होत असे. कुटुंबेही साठच्या आसपास असल्यामुळे रोज दोन याप्रमाणे महिन्यात सर्व घरांची पाळी येई. कोणत्या तारखेला कोणते घर, हे कार्डावर छापलेले असल्याने प्रत्येक कुटुंबाला आपला दिवस ठाऊक झाला, आणि याचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा ठरला. ज्या कुटुंबाने व्हॉट्सॲपच्या प्रकारानंतर येणे थांबवले होते, त्यांच्या तारखेला सकाळी शेजारच्या मावशींनी डबा पाठवला आणि कसलीही विचारपूस केली नाही. पुढच्या महिन्यात ते उपासनेला आले. कारण एवढेच असेल असे म्हणवत नाही, पण त्यांनी स्वतः त्या डब्याचा उल्लेख केला.

बुधवारची सभा चाळीस मिनिटांवर आणली गेली. स्तोत्र दोन बाजूंनी आळीपाळीने वाचायचे, मग शांतता, मग मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थना. या प्रार्थना एका वाक्याच्या असाव्यात आणि प्रत्येक वाक्यानंतर सर्वांनी ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ असे म्हणावे, असे ठरले. विनंत्यांसाठी दोन नियम झाले: विनंती ज्याच्यासाठी आहे त्याची संमती असल्याशिवाय ती सभेत मांडायची नाही, आणि कारण सांगायचे नाही, नाव पुरेसे आहे. दुसरा नियम काहींना कोरडा वाटला. परंतु ज्याच्याकडे प्रार्थना करायची त्याला कारण माहीत आहे, हे पाळकसाहेबांचे उत्तर निदान वाद थांबवण्यास पुरे पडले. व्हॉट्सॲपचा गट बंद न करता सभेची वेळ कळवण्यापुरता ठेवला गेला.

गुरुजींचा आक्षेप

योजनेला खरा विरोध गुरुजींकडून झाला आणि तो विचार करण्यासारखा होता. कागदावरून वाचलेली प्रार्थना ही प्रेस्बिटेरियन परंपरेला धरून नाही, आत्मा जे सुचवील तेच बोलले पाहिजे, अन्यथा मंडळी पोपटपंचीत रमेल, असे त्यांनी कमिटीच्या बैठकीत सांगितले. पाळकसाहेबांनी त्यांच्यासमोर त्या परंपरेतीलच एक जुना दस्तऐवज ठेवला. स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेची मार्गदर्शिका मंजूर केली होती. ज्यांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता येते त्यांनी तशी करावी, पण जे अद्याप कच्चे आहेत त्यांनी ठरावीक प्रार्थनेपासून सुरुवात करण्यास हरकत नाही, असे तिच्यात स्पष्ट आहे. गुरुजींनी तो उतारा दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘साहेब, पुढचंही वाचा.’ पुढे असे आहे, की अशा लोकांनी तेवढ्यावर सुस्तावून राहू नये, स्वतःमध्ये प्रार्थनेचा आत्मा जागवण्याचा प्रयत्न करत राहावे.

त्यांचा मुद्दा कमिटीने मान्य केला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त निर्णय येथे झाला, आणि तो योजनेच्या मूळ आराखड्यात नव्हता. दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी एका सदस्याने त्या महिन्यात वाचलेल्या स्तोत्रांतून शब्द घेऊन स्वतः लहानशी प्रार्थना तयार करावी, आणि तिच्या तयारीसाठी गुरुजींनी त्याच्याबरोबर बसावे, असे ठरले. मुखोद्गत स्तोत्रांचे त्यांचे धन यामुळे इतरांच्या उपयोगी आले, आणि बुधवारी दहा मिनिटे बोलण्याची त्यांना फारशी गरज उरली नाही. हे त्यांच्याही लक्षात आले असावे. त्यांनी तसे कधी बोलून दाखवले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

तक्रारीची स्तोत्रे

स्तोत्रसंहिता क्रमाने वाचली की मंडळीने गाळलेली स्तोत्रेही वाचावी लागतात. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावर संपते, त्याला आशेचा शेवट नाही. अशी स्तोत्रे रविवारच्या उपासनेत क्वचितच निवडली जातात. बुधवारी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले गेले तेव्हा एका बाईंनी नंतर तक्रार केली, की एवढे निराशेचे वाचन मुलांसमोर कशाला.

याला उत्तर एका निवृत्त कामगाराने दिले. ते इंदूरच्या एका मोठ्या कापडगिरणीत होते. ती गिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न मार्गी लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर अनेक कामगार हयातही नव्हते. भेटीच्या वेळी त्यांनी सांगितले होते, की पहिली काही वर्षे त्यांनी थकलेल्या पैशांसाठी प्रार्थना केली आणि पुढे सोडून दिली, कारण सभेत उठून बोलायचे तर आभारच मानावे लागत आणि त्यांना आभार मानायचे नव्हते. त्या बुधवारी ते एवढेच म्हणाले, ‘बाई, हे स्तोत्र मला तीस वर्षांपूर्वी कोणी वाचून दाखवायला हवं होतं.’ त्यानंतर अशी स्तोत्रे गाळण्याची सूचना पुन्हा आली नाही. दुःख मांडायला जागा नसलेल्या मंडळीत दुःखी माणूस आधी प्रार्थना थांबवतो आणि येणे फार उशिरा थांबवतो. म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

तरुण संघ

तरुणांच्या बाबतीत योजनेला मिळालेले यश मर्यादित आहे. हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या या मुलांना लिपी एकच असल्यामुळे मराठी स्तोत्र वाचता येते, पण जुन्या भाषांतराची भाषा त्यांना पूर्ण उमगत नाही. शनिवारच्या आपल्या सभेत ते गिटारवर हिंदी गीते गातात आणि कधी सर्व जण एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. ज्येष्ठांना हा गोंगाट परका वाटतो. तेव्हा केडगावच्या मुक्ती मिशनच्या शाळेत शिकलेल्या एका वयोवृद्ध बाईंनी आठवण करून दिली, की पंडिता रमाबाईंच्या संस्थेत १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात मुली अशाच एकत्र, मोठ्याने प्रार्थना करत असत. तेथील जुन्या बायकांकडून त्यांनी हे लहानपणी ऐकले होते. म्हणजे ही रीत आजची नाही आणि महाराष्ट्राबाहेरचीही नाही.

या आठवणीने ज्येष्ठांचा सूर मवाळ झाला. मात्र बुधवारी तशी प्रार्थना करण्याचा प्रयत्न साधला नाही: ज्येष्ठ पुटपुटत राहिले, मुले त्यांच्याकडे पाहून गप्प झाली. तो प्रकार लगेच सोडून दिला हे बरे झाले. प्रत्येक सभेने प्रत्येक रीत चालवलीच पाहिजे असे नाही. तरुण संघाने मात्र शनिवारी गीतांच्या आधी एक स्तोत्र मराठीतून आणि तेच हिंदीतून वाचण्यास आपणहून सुरुवात केली.

शेजार आणि सावधगिरी

महिन्यातून एकदा तीन-चार कुटुंबांनी एका घरी जमून प्रार्थना करावी अशीही कल्पना होती. तिच्याबाबत कमिटी बराच काळ साशंक राहिली. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. आपल्याच सदस्यांच्या घरगुती प्रार्थनेचा त्याच्याशी संबंध नसला, तरी गैरसमजाची भीती खरी होती आणि भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांना ती अधिक होती. म्हणून अशा सभा मंडळीच्या कुटुंबांपुरत्या, वाद्यांशिवाय आणि रात्री नऊच्या आत संपतील अशा ठेवण्यात आल्या, आणि ज्यांना आपल्या घरी नको वाटले त्यांना कारण विचारले गेले नाही. लोकमान्यनगरातील एका कुटुंबाने शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवले आणि सभेनंतर पोह्यांना बोलावले. तेथे कधीही अडचण आली नाही. इतर घरांनी याचे अनुकरण करावे असे सुचवणे सोपे आहे, पण प्रत्येकाचा शेजार सारखा नसतो.

एका वर्षानंतरची स्थिती

पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) कार्ड बहुतेक घरांत वापरले जात होते. पावसाळ्यात त्यांतील बऱ्याच घरांत ते मागे पडले. वर्षअखेरीस केलेल्या भेटींत निम्म्याहून थोड्या कमी कुटुंबांत ते नियमाने चालू असल्याचे आढळले, आणि आणखी काही घरांत फक्त दोन कुटुंबांची नावे घेण्याची सवय टिकली होती. बुधवारी आता बारा ते पंधरा जण येतात. त्यांत चार-पाच तरुण असतात. पाळीच्या नोकऱ्या करणारे पुरुष जवळजवळ कोणीच नसतात, आणि त्यांच्यासाठी काय करावे याचे उत्तर मिळालेले नाही. ज्या घरांत जोडीदार ख्रिस्ती नाही तेथे जेवणानंतरची प्रार्थना शक्य नव्हतीच. अशा तीन स्त्रिया ठरलेल्या वेळी आपापल्या घरी तोच भाग वाचतात आणि दुपारी एकमेकींना फोन करतात. ही सोय त्यांनी स्वतः केली, कमिटीला ती फार उशिरा कळली.

सर्वांत मोठी अडचण पुढे उभी आहे. पाळकसाहेबांची बदली येत्या वर्षी अपेक्षित आहे, आणि पाळक बदलला की कार्यक्रम बदलतो असा मंडळीचा अनुभव आहे. त्यामुळे कार्डाची दुसरी छपाई आणि सभेत मांडल्या जाणाऱ्या विनंत्यांची वही यांची जबाबदारी पाळकाकडे न ठेवता महिला मंडळाच्या दोन सदस्यांकडे द्यावी, असा ठराव कमिटीपुढे आहे. कार्डाची एक बाजू हिंदीत असावी ही तरुणांची मागणीही त्याच ठरावात आहे. गुरुजींनी हिंदीला विरोध केलेला नाही; त्यांची अट एकच आहे, की स्तोत्रांचा क्रम दोन्ही बाजूंना सारखा असावा, म्हणजे एकाच घरातील आजी आणि नातू एका रात्री एकच स्तोत्र वाचतील.